तीन मुलांना एकाच मापाची व्हीलचेअर चालेल का?

गुरुजी, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. माण तालुक्यात तुमच्या शाळेच्या परिसरात चालता न येणारी तीन मुलं आहेत. सहा वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) आहे, मान धरत नाही, आई कडेवर घेऊन फिरते. दहा वर्षांच्या मुलाला जन्मापासून स्पायना बायफिडा (कण्याची आणि मज्जारज्जूची अपुरी घडण) आहे, पायात संवेदना नाही, हातांवर सरकत वर्गात येतो. तिसरा तेरा वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार), गेल्या वर्षी त्याचं चालणं थांबलं. गावच्या मंडळाने वर्गणीतून पैसे बाजूला काढले आहेत. एक विक्रेता १८ इंची तीन खुर्च्या घाऊक भावात द्यायला तयार आहे, "मुलं वाढतील, मोठीच घ्या" असं म्हणतो. दुसरा पर्याय म्हणून दहिवडीचा फॅब्रिकेशनवाला पाइप वाकवून पूर्ण खुर्ची करून देतो म्हणतोय. यातलं काय घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: दोन्ही नको. चाकं आणि सांगाडा तयार घ्या, पण मुलांच्या मापाचा. बैठक मात्र प्रत्येक मुलासाठी वेगळी, तिथेच, सुतार आणि गादीवाल्याकडून करून घ्या. आणि जमलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा आज खर्चच करू नका. पुढच्या दोन वर्षांतल्या दुरुस्त्यांसाठी आणि वाढत्या मापांसाठी तो लागणार आहे. खुर्च्या वाटल्या जातात आणि वर्षभरात त्या गोठ्यात नाहीतर माळ्यावर जातात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पैसा सगळा सांगाड्यावर जातो, बैठकीवर आणि नंतरच्या कामावर काहीच उरत नाही.

१८ इंच म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर. सहा वर्षांच्या मुलीच्या कुल्ल्यांची रुंदी साधारण २० ते २४ सेंटिमीटर भरते, म्हणजे निम्मी खुर्ची रिकामीच. त्यात तयार खुर्चीची बैठक कापडाची असते. ती महिन्या-दोन महिन्यांत झोळीसारखी खाली येते. मग गुडघे एकमेकांवर जातात, एक कुल्ला खाली बसतो, कंबर मागे कलते आणि मूल माकडहाडावर बसतं. पाठ गोल झाली की मान खाली पडते किंवा एकदम मागे जाते. घास गिळताना ठसका लागतो. आई काखेत हात घालून वर ओढते, दहा मिनिटांत मूल पुन्हा घसरतं. शेवटी कोणीतरी छातीभोवती ओढणी बांधतं, आणि मूल खाली घसरलं की तीच ओढणी गळ्याशी येते. हे जिवावर बेतू शकतं. तिन्ही घरी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की कंबरेचा पट्टा नसेल तर छातीचा पट्टा कधीच बांधायचा नाही.

काही गोष्टी मुलाला प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय ठरत नाहीत. सांधे किती वळतात, पाठीचा बाक हाताने सरळ होतो की आता पक्का झालाय, खुबा जागेवर आहे का, झटके येतात का, त्वचेवर कुठे जखम आहे का, हे बघायला फिजिओथेरपिस्ट लागेल. सातारचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय किंवा कराडचं कृष्णा फिजिओथेरपी कॉलेज तुम्हाला जवळ पडेल. सांगलीच्या बाजूच्या लोकांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ सोबत असतील तर फार बरं, कारण नंतर वस्तीवर जाऊन पाहणारे तेच असतात. खाली सांगतोय ते त्यांच्यासोबत बसून करा.

आधी सतरंजीवर, मग टेप

टेप काढण्याआधी मुलाला सतरंजीवर उताणं झोपवा. एका हाताची बोटं कंबरेखाली ठेवा आणि दुसऱ्या हाताने गुडघा वाकवून मांडी सावकाश पोटाकडे आणा. ज्या क्षणी कंबर तुमच्या बोटांवर दाबली जाईल, तिथे थांबा. खुबा तेवढाच वळतो, पुढचं वळण कंबरेतून येतं. मांडी काटकोनापर्यंत येण्याआधीच कंबर हलत असेल, तर काटकोनी बैठकीत ते मूल कधीच नीट बसणार नाही. कितीही पट्टे लावा, घसरणारच. समजा खुबा ७० अंशांपर्यंतच वळला, तर पाठ आणि बैठक यांच्यातला कोन ११० अंशांचा ठेवावा लागतो. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा, बऱ्याचदा दोन बाजू सारख्या नसतात.

मग मांडी त्याच जागी धरून गुडघा हळूहळू सरळ करा. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील तर गुडघा थोडा उघडताच कंबर ओढली जाते. अशा मुलाचे पाय पुढे काढून ठेवणारी पायपट्टी लावली की कंबर पुढे घसरलीच समजा. त्याची पायपट्टी मागे, बैठकीच्या खाली घ्यावी लागते. "पाय मोकळे राहावेत" म्हणून उचलून धरणाऱ्या पायपट्ट्या लोक आवडीने घेतात, पण सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला त्या सहसा उलट पडतात.

तिसरी तपासणी बसवून. मुलाला शाळेच्या बाकावर, पाय खाली टेकतील असं बसवा. कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर अंगठे ठेवून बघा, दोन्ही एका पातळीत आहेत का. नसतील तर हाताने सरळ करून बघा. सरळ होत असेल तर खाली गेलेल्या बाजूखाली फोमचा तुकडा देऊन कंबर समतल करतात. सरळ होत नसेल, म्हणजे तिरकेपणा पक्का झाला असेल, तर उचललेल्या बाजूखालची पोकळी भरून काढायची, म्हणजे सगळं वजन एकाच हाडावर येत नाही. या दोन्हींत गल्लत झाली तर जखम होते, म्हणून हा निर्णय फिजिओथेरपिस्टनेच घ्यावा.

मग हातांनीच खुर्ची करून बघायची. एकाने मागून कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरायची. तेवढ्याने मान सावरते का, पाहा. नाही सावरली तर दुसऱ्याने बरगड्यांच्या बाजूला हात द्यायचे, मग डोक्यामागे. जिथे जिथे हात लागला आणि मूल शांत बसलं, तिथेच पुढे फोम आणि लाकूड लागणार आहे. कुठला हात काढला तरी चालतं, हेही बघा. गरजेपेक्षा जास्त आधार दिला तर मूल स्वतःचे स्नायू वापरणं सोडतं.

मापं

मूल घट्ट फळीवर बसलेलं असताना घ्या, गादीवर बसवून घेऊ नका. कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं उभी टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. टेप अंगावरून गोल फिरवली की माप चुकतं. या रुंदीत एकूण १ ते २ सेंटिमीटर मिळवा, जास्त नाही. पाठीमागच्या भिंतीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत बैठकीची खोली मोजा, दोन्ही बाजूंनी. त्यातून लहान मुलांसाठी ३ आणि मोठ्यांसाठी ४ ते ५ सेंटिमीटर वजा करा. गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं माप नेहमीची चप्पल, बूट किंवा स्प्लिंट घालून घ्या. शिवाय फळीपासून कोपर, काखेचा तळ, खांद्याच्या पात्याचं खालचं टोक, खांदा आणि डोक्याचा माथा यांच्या उंच्या, आणि छातीची रुंदी.

हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे गादीची जाडी. मापं फळीपासूनची असतात आणि मूल बसणार गादीवर. ५ सेंटिमीटरची गादी मुलाच्या वजनाने दबून ३ सेंटिमीटर राहत असेल, तर पाठीच्या फळीची, हातपट्टीची आणि बाजूच्या आधारांची उंची ३ सेंटिमीटरने वाढवायची. पायपट्टीसुद्धा दबलेल्या गादीच्या वरच्या पातळीपासून मोजायची. हे विसरलं तर पाय लोंबकळतात आणि त्यांच्या ओझ्याने मूल पुढे घसरतं.

सांगाडा

फॅब्रिकेशनवाल्याकडून पूर्ण खुर्ची करू नका, कारण जाड चौकोनी पाइपची खुर्ची फार जड होते आणि पुढच्या छोट्या चाकाचा फोर्क खडबडीत रस्त्यावर लवकर वाकतो. तयार खुर्चीला वेल्डिंगही करू देऊ नका. तिचा पाइप पातळ असतो, वेल्डिंगने भोक पडतं किंवा जोडाशेजारी तडा जातो, आणि मुलामा जळाल्यावर गंज धरतो. जोडायचं ते क्लॅम्प आणि नट-बोल्टने.

रुंदी १२ ते १४ इंच असलेले मुलांचे सांगाडे मिळतात. तुमच्याकडचा रस्ता मुरमाचा, दगडगोट्यांचा आणि बाभळीच्या काट्यांचा आहे. दवाखान्यातल्या खुर्चीचं पुढचं चाक अरुंद आणि कडक असतं, ते मुरमात रुतून खुर्ची पुढे कोलमडते. पुढचं चाक २० सेंटिमीटर व्यासाचं आणि ४ ते ५ सेंटिमीटर रुंद असलेलं बघा. मागच्या-पुढच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त तितकी खुर्ची उतारावर स्थिर. व्हर्लविंड आणि मोटिव्हेशन या संस्थांनी खडबडीत रस्त्यांसाठी केलेल्या खुर्च्या याच तत्त्वावर आहेत. मात्र अशी खुर्ची वळायला जागा जास्त घेते. घरात दार अरुंद आणि सोपा लहान असेल तर आधी दाराचं माप घ्या. खुर्चीची बाहेरची रुंदी बैठकीपेक्षा साधारण २० सेंटिमीटर जास्त असते.

मागचे टायर सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचे असावेत. मुलांच्या सायकलचं २० × १.७५ कुठेही मिळतं, व्हीलचेअरचं २४ × १⅜ मागवावं लागतं आणि मग खुर्ची पंधरा-पंधरा दिवस पडून राहते. काट्यांसाठी जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये अंथरा, पंक्चर पुष्कळ कमी होतात. भरीव टायरला पंक्चर नाही, पण प्रत्येक दगडाचा हादरा थेट अंगात जातो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे स्नायू त्या धक्क्याने ताठतात. म्हणून मी पुढची चाकं भरीव आणि मागची हवेची सुचवतो. चाकाचा धुरा १२ मिलिमीटरचा आणि बेअरिंग ६००१ किंवा ६२०१ असेल तर ते बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. विक्रेत्याला हे नंबर आधी विचारा. सांगता आले नाहीत तर सुटे भाग पुढे मिळतील याची खात्री धरू नका.

बैठक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कापडी बैठक काढून १२ मिलिमीटरची प्लायची फळी बसवायची. प्लाय बीडब्ल्यूआर किंवा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा घ्या, साध्या प्लायचे पदर लघवी-पाण्याने सुटतात. फळीच्या खाली २५ × ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे चार आकडे (हुक) वाकवून लावा, ते सांगाड्याच्या पाइपवर बसतात. फळी उचलली की खुर्ची घडी होते, वडापमध्ये (प्रवासी जीपमध्ये) मागे टाकता येते. पाठीलाही तशीच फळी. दोन्ही फळ्या लोखंडी कोनाने जोडा, आधी ठरलेल्या कोनात. नट सगळे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले), नाहीतर मुरमाच्या हादऱ्याने आठवड्यात ढिले होतात.

मुलाची वाढ इथेच धरायची. पाठीची फळी बैठकीला जोडताना २.५ सेंटिमीटर अंतराने छिद्रांच्या रांगा पाडा. आज पाठ पुढच्या छिद्रांत, मांडी लांब झाली की मागच्या. रुंदीसाठी दोन्ही बाजूंना २.५ सेंटिमीटर जाडीचे काढता येणारे फोमचे पॅड. "मोठी घेऊन ठेवा" याला खरा पर्याय हा आहे. एक लक्षात ठेवा, पाठीची फळी पुढे आली की मुलाचं वजनही पुढच्या चाकांवर सरकतं आणि ढकलणं जड जातं. म्हणून पाठीचा फोम गरजेपेक्षा जाड करू नका.

फोमचे दोन थर. खालचा घट्ट, ४० मिलिमीटरचा, ईव्हीए किंवा तुकड्यांचा दाबलेला फोम, ज्याला गादीवाले चिप फोम म्हणतात. वरचा मऊ, २५ मिलिमीटरचा. खालच्या थरात मागच्या बाजूला २५ मिलिमीटर खोल खळगा कापायचा. मुलाच्या बसायच्या दोन हाडांखाली हात घालून ती कुठे येतात ते पक्कं करा आणि खळगा त्यांच्या पुढे साधारण २ सेंटिमीटरवर संपवा. तिथे जी पायरी तयार होते, ती हाडांना पुढे सरकू देत नाही. घसरण थांबवणारा खरा भाग हा आहे, पट्टा त्याच्या मदतीला असतो. खळगा फार पुढे गेला तर घसरण थांबत नाही, फार मागे राहिला तर हाडं पायरीवरच बसतात आणि जखम होते.

गुडघ्यांमध्ये ठेवायचा लाकडी ठोकळा मांड्या अलग ठेवण्यासाठी असतो, म्हणून तो पुढच्या भागात, गुडघ्यांजवळ. घसरण अडवायला तो जांघेपर्यंत मागे आणतात, तेव्हा मूल त्याच्यावर आदळत राहतं आणि रडतं, आणि घरच्यांना वाटतं त्याला खुर्चीच आवडत नाही.

पाठीचा फोम कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत घट्ट ठेवा, त्याच्या वर थोडा मागे झुकता, म्हणजे खांदे विसावतात. कंबरेचा पट्टा बैठक आणि पाठ मिळतात त्या कोपऱ्याजवळ बांधून ४५ ते ६० अंशांत, खुब्याच्या घडीवरून खाली-मागे ओढणारा हवा. पोटावरून आडवा गेला तर मूल त्याच्याखालून निसटतं. बकल दप्तराच्या पट्ट्याला असतं तसं, एका दाबात उघडणारं.

खोळ ताणून शिवायला शिवणाऱ्याला आवडतं, कारण ती सुबक दिसते. पण ताणलेली खोळ खळग्यावर पडद्यासारखी बसते आणि खळगा निरुपयोगी होतो. ताणलं जाणारं होजिअरी कापड घ्या, सैल शिवा, फोमभोवती पातळ प्लास्टिक सैल गुंडाळा, आणि खोळी दोन करा, एक धुण्यात एक वापरात. रेक्झिन घामाने चिकटतं, बैठकीच्या वरच्या भागाला नको.

तिघांसाठी वेगवेगळं

मुलीची पूर्ण बैठक मागे कलवावी लागेल, पण पाठ आणि बैठकीतला कोन न बदलता. बैठकीची खोली ३० सेंटिमीटर धरली तर बैठकीच्या फळीखालचे पुढचे दोन आकडे साडेपाच सेंटिमीटर उंच केल्यावर सुमारे १० अंशांचा कल मिळतो. एवढ्याने मान सावरते का ते आधी बघा. मग मागची चाकं थोडी मागे घ्या आणि मागे उलटू न देणारी छोटी चाकं लावा, नाहीतर चढावर खुर्ची आईच्या अंगावर येईल. डोक्याचा आधार कवटीच्या खालच्या घेराला मागून धरणारा हवा, डोकं पुढे ढकलणारा नको. गळ्याभोवती काहीही बांधायचं नाही. भरवताना हनुवटी किंचित खाली, मान मागे टाकून कधीच नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. समोरचा ट्रे कोपराच्या पातळीला किंवा दोन सेंटिमीटर वर, म्हणजे हातांवर भार घेऊन ती मान उचलायला शिकते.

दहा वर्षांच्या मुलाचे हात मजबूत आहेत, त्याने स्वतः खुर्ची चालवली पाहिजे. पाठ खांद्याच्या पात्याखाली संपेल एवढीच. चाकाच्या माथ्यावर हात ठेवल्यावर कोपर १०० ते १२० अंश उघडा असावा. त्याचा धोका त्वचेचा आहे, कारण दुखलं तरी त्याला कळत नाही. तुमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात राहिलेली लोखंडी पायपट्टी तापते आणि त्यावर अनवाणी पाय टेकला की फोड येतो, मुलाला पत्ताही लागत नाही. पायपट्टीवर लाकूड किंवा फोम लावा, पोटरीमागे पट्टा द्या आणि मोजे-बूट कायम. दर २० ते ३० मिनिटांनी छाती मांड्यांवर टेकवून एक-दोन मिनिटं पुढे वाकायचं. वर्गात हे तुम्हीच लक्षात आणून द्या. या मुलांना लेटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून रबरी गाद्या, फुगे, रबरी पट्टे टाळा. डोक्यातलं पाणी काढायला शंटची नळी बसवलेली असेल तर त्या बाजूला काहीही दाबता कामा नये.

तेरा वर्षांच्या मुलाला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल देऊ नका. शिबिरांत ती सर्रास मिळते, पण त्याचे खांदे आधीच दुबळे झालेत, त्या मेहनतीने ते लवकर थकतील. चालणं थांबल्यावर या मुलांचा कणा वेगाने वाकतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून कडक फळीची समतल बैठक आणि दोन्ही बाजूंना छातीचे आधार. आधाराची वरची कड काखेपासून २-३ सेंटिमीटर खाली. स्टेरॉइड चालू असतील तर वजन वाढतं, म्हणून बाजूचे काढता येणारे पॅड त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचे. मान दुबळी असते, वडापमधून नेताना डोक्यामागे आधार हवाच. आणि त्याला काखेत हात घालून उचलू नका, खांद्याचे स्नायू सैल असल्याने तो हातांतून निसटतो. एक हात पाठीमागून, एक मांड्यांखालून. पुढे त्याला विजेवर चालणारी खुर्ची लागेल, हे घरच्यांना आताच सांगितलेलं बरं.

पहिले पंधरा दिवस

मूल बसल्यावर दहा मिनिटांनी बसायच्या हाडाखाली बोटांची टोकं घाला. बोटं अर्धा सेंटिमीटर तरी वर-खाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर काळजी घ्या. बोटं चिमटून बसली आणि काढायला ओढावी लागली, तर ती गादी वापरायची नाही, खळगा वाढवा. दोन्ही बाजूंना हे बघा.

पहिल्या दिवशी १५-२० मिनिटंच बसवा. उतरवल्यावर कुल्ले, माकडहाड, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, टाचा आणि बरगड्या बघा. अर्ध्या तासात न जाणारा लालसरपणा म्हणजे तिथे दाब जास्त आहे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघा, ती जागा शेजारच्यापेक्षा गरम, कडक किंवा फुगलेली लागते. काही नसेल तर रोज थोडा वेळ वाढवत पंधरवड्यात दोन-तीन तासांवर जा. सहा आठवड्यांत पहिली फेरतपासणी, मग दर सहा महिन्यांनी मापं. बाजूला ठेवलेला तिसरा हिस्सा इथे कामी येतो. फोम बसतो, खोळी फाटतात, पायपट्टी लांबवावी लागते.

घरच्या देखभालीत आठवड्यातून एकदा पुढच्या चाकांच्या धुऱ्यात अडकलेले केस, दोरे, कडब्याची पाती काढायची. टायर अंगठ्याने दाबून बघायचा, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त दबला तर हवा भरायची. हवा कमी झाली की ब्रेक लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उतारावर खुर्ची नेहमी उलटी, मूल चढाकडे तोंड करून उतरवायची. उंबऱ्यासाठी उतरण करताना उंचीच्या १२ पट लांबी धरा, १५ सेंटिमीटर उंबऱ्याला १८० सेंटिमीटर. शाळेच्या रॅम्पची लांबीही एकदा टेपने मोजून बघा, बऱ्याच ठिकाणी तो फार उभा निघतो. शौचासाठी खुर्चीलाच भोक पाडू नका, त्या भोकाभोवती जखमा होतात. प्लास्टिकच्या खुर्चीची वेगळी सोय करा.

पैसे

मंडळाचे पैसे सांगाड्यावर घालण्याआधी सरकारी मार्ग बघा. तिघांचंही यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का? नसेल तर ते आधी. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत किमान ४० टक्के अपंगत्व आणि मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत मिळतं. तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र एकच वर्ष. म्हणजे चुकीची खुर्ची घेऊन बसलात तर पुढची संधीही तेवढी लांबते, म्हणून शिबिरात जाताना मापांचा कागद हातात ठेवा. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळी खुर्ची बनवते, मुलीसाठी तिचीच मागणी नोंदवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतूनही शाळेतल्या मुलांना साधनं मिळतात. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो. प्लाय, फोम, खोळी आणि घराच्या उतरणीसाठी ग्रामसभेत तो मागा. तिथे रक्कम लहान असते, पण या कामाला पुरते.

विक्रेत्याला ॲडव्हान्स गेला असेल तर न वापरलेल्या १८ इंची खुर्च्यांच्या बदल्यात १२ आणि १४ इंची मागा. डिस्ट्रॉफीच्या मुलाचं माप आल्यावर त्याला कदाचित १६ लागेल, म्हणून तिसरीचा आकार आज ठरवू नका. आणि मुलीच्या दोन्ही खुब्यांचा एक्स-रे खुर्चीची वाट न बघता याच महिन्यात काढून घ्या. चालता न येणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत खुबा हळूहळू निसटतो, आणि तो निसटलेला असेल तर वर सांगितलेली तिची मापं आणि कोन दोन्ही बदलतील.